मुंबईतील चाळ : भाड्याच्या मालमत्तेतील गुंतवणुकीचा एक ऐतिहासिक हिशेब

मुंबईच्या चाळीविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. तथापि त्या लेखनात चाळ येते ती बहुधा एक समाजजीवन म्हणून. शेजार, सणवार, नळावरची भांडणे, गिरणगावातील चळवळी हे त्याचे विषय. चाळ ही त्याआधी एक गुंतवणूक होती, कोणीतरी आपले भांडवल विटा, चुना आणि सागवान यांत घातले होते व त्यावर काही प्राप्ती होईल अशी त्याची अपेक्षा होती, ही बाजू तुलनेने दुर्लक्षित राहिली. जेथे तिचा उल्लेख होतो तेथेही दोन ठराविक मते आढळतात. पहिल्या मताप्रमाणे चाळीचा मालक हा बिनकष्टाचा नफा मिळविणारा होता. दुसऱ्या मताप्रमाणे चाळ हा मुळात उत्तम धंदा होता आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तो बुडविला. ही दोन मते परस्परविरोधी दिसली तरी एका गोष्टीत त्यांचे ऐक्य आहे. दोन्ही केवळ भाड्याकडे पाहतात आणि दुरुस्तीकडे पाहत नाहीत.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य असे की, भाड्याची चाळ ही फायद्याची गुंतवणूक होती की नव्हती याचे उत्तर भाड्याच्या आकड्यावर जितके अवलंबून होते, त्याहून अधिक ते दुरुस्तीचा व इमारतीच्या झिजेचा खर्च कोणी सोसला यावर अवलंबून होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजतागायत हा खर्च क्रमाने भाडेकरूचे आरोग्य, इमारतीचे आयुष्य आणि सार्वजनिक तिजोरी यांच्यावर पडत गेला. मालकाच्या वहीत तो पूर्णपणे क्वचितच लिहिला गेला.

१. भांडवल चाळीकडे का वळले

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली व १८५६ मध्ये गिरणी चालू झाली. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाच्या व्यापारात अपरिमित पैसा शहरात आला. त्यातून भागभांडवलाचा जो सट्टा उसळला तो १८६५ मध्ये कोसळला आणि अनेक पेढ्या, बँका व घराणी धुळीस मिळाली. या अनुभवानंतर कागदी भागांपेक्षा जमीन व घरे अधिक खात्रीची वाटावीत हे स्वाभाविक होते. भाग एका रात्रीत शून्य होऊ शकतो. घर उभे राहते व त्यात कोणी ना कोणी राहतोच, असा हा साधा तर्क होता.

त्या तर्काला लोकसंख्येने पुष्टी दिली. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ होती. ती १८८१ मध्ये ७,७३,१९६ आणि १८९१ मध्ये ८,२१,७६४ झाली. कोकणातून व घाटावरून येणारा कामगार गिरणीपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर निवारा शोधत असे, कारण भोंग्याच्या वेळेला तो दाराशी हजर असणे आवश्यक होते. बहुतेक गिरणीमालकांनी कामगारांच्या घरांची जबाबदारी घेतली नाही. ती पोकळी खासगी मालकांनी भरून काढली. एका लांब सज्जावर ओळीने खोल्या, प्रत्येक खोलीत एक बिऱ्हाड आणि मजल्याच्या टोकाला सामायिक नळ व शौचकूप, ही रचना कमीत कमी जमिनीवर अधिकांत अधिक भाडेपावत्या देणारी होती. चाळीच्या स्थापत्याचा उगम सौंदर्यदृष्टीत शोधण्याऐवजी या हिशेबात शोधणे अधिक युक्त होय.

२. मालकाचा हिशेब

हा हिशेब नेमका कसा मांडला जात असावा हे समजण्यासाठी एक उदाहरण घेणे सोयीचे होईल. पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट चाळीचे नाहीत. हिशेबाची रीत स्पष्ट व्हावी एवढ्यासाठीच ते धरले आहेत.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी कोणा एकाने २४,००० रुपये घालून ४० खोल्यांची चाळ उभी केली असे समजू. त्यांपैकी ८,००० रुपये जमिनीचे व १६,००० रुपये बांधकामाचे. प्रत्येक खोलीस दरमहा ४ रुपये भाडे धरल्यास महिन्याचे १६० व वर्षाचे १,९२० रुपये होतात. म्हणजे भांडवल हे वार्षिक भाड्याच्या साडेबारा पट आणि ढोबळ प्राप्ती शेकडा ८. त्या काळचे सर्वांत सुरक्षित साधन म्हणजे सरकारी रोखे. १८९३-९४ मधील व्याजबदलानंतर त्यांवर शेकडा साडेतीन व्याज मिळे. आठ आणि साडेतीन हे दोन आकडे शेजारी ठेवले की चाळ बांधण्याचा मोह सहज समजतो.

परंतु ढोबळ प्राप्ती ही हातात पडणारी प्राप्ती नव्हे. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यानुसार वार्षिक भाड्यातून दहावा हिस्सा वजा करून करपात्र मूल्य ठरे. येथे ते १,७२८ रुपये होते. सामान्य घरपट्टी, पाणीपट्टी, हलालखोर कर असे सर्व मिळून १५ टक्के धरले तर सुमारे २५९ रुपये जातात. काही खोल्या रिकाम्या राहतात, काही भाडेकरू गावी निघून जातात व थकबाकी बुडते. त्यापोटी एका महिन्याचे, म्हणजे १६० रुपये. भाडे वसूल करणाऱ्या गुमास्त्यास दरमहा ८ प्रमाणे ९६ रुपये. दुरुस्तीस कायद्याने गृहीत धरलेला दहावा हिस्सा, म्हणजे १९२ रुपये. एकूण खर्च ७०७. निव्वळ उरतात १,२१३ रुपये, म्हणजे शेकडा पाचाहून किंचित अधिक.

येथेही हिशेब संपत नाही. जमीन झिजत नाही, परंतु इमारत झिजते. तिचे आयुष्य ६० वर्षे धरल्यास बांधकामाच्या १६,००० रुपयांपैकी दरसाल सुमारे २६७ रुपये बाजूस ठेवणे प्राप्त होते. अन्यथा साठ वर्षांनी मालकाच्या हाती केवळ जमीन व राडारोडा उरेल. हा घसारा वजा केला की प्राप्ती शेकडा ३.९ वर येते. शिवाय दमट हवेत, लाकडी तुळया व चुन्याच्या भिंतींच्या आणि चाळीस बिऱ्हाडांच्या वापरातील इमारतीस भाड्याचा दहावा हिस्सा दुरुस्तीला पुरेल असे मानणे धाडसाचे आहे. तो पाचवा हिस्सा धरला तर प्राप्ती शेकडा ३.१ होते, म्हणजे सरकारी रोख्यांहूनही कमी. रोख्यांसाठी ना गुमास्ता लागतो, ना पावसाळ्यात कौले फिरवावी लागतात.

याउलट, दुरुस्ती मुळीच केली नाही व घसाराही बाजूस ठेवला नाही, तर त्याच चाळीवर १,४०५ रुपये, म्हणजे शेकडा ५.९ हाती पडतात. भाडे तेच, कर तेच, भाडेकरू तेच. प्राप्ती मात्र ३.१ पासून ५.९ पर्यंत बदलते आणि तो सारा फरक एकाच बाबीमुळे पडतो. चाळ फायद्याची आहे की नाही हा प्रश्न येथे निर्णायकपणे दुरुस्तीच्या प्रश्नात रूपांतरित होतो.

कर्जाचा विचार केल्यास हे अधिकच स्पष्ट होते. भांडवलापैकी अर्धे, म्हणजे १२,००० रुपये शेकडा ६ व्याजाने गहाणावर काढले असल्यास व्याज ७२० रुपये होते. घसारा न धरताही मालकाच्या स्वतःच्या १२,००० रुपयांवर ४९३ रुपये, म्हणजे शेकडा ४.१ एवढेच उरतात. निव्वळ प्राप्ती व्याजाच्या दराहून कमी असेल तर कर्ज मालकाचा लाभ वाढवीत नाही, उलट त्याच्याच हिश्श्यातून व्याज भरून काढते. अशा मालकापुढे दुरुस्ती पुढे ढकलण्यावाचून दुसरा सोपा मार्ग नसे. ज्याच्यावर गहाणाचे ओझे अधिक, त्याची चाळ अधिक मोडकळीस, असा संबंध जुन्या दप्तरांत तपासून पाहण्याजोगा आहे.

३. न लिहिलेला खर्च : गर्दी आणि प्लेग

भाडे वाढवून दुरुस्तीचा खर्च का भागविला जात नसे, असा प्रश्न येथे संभवतो. त्याचे उत्तर कामगाराच्या वेतनात आहे. बदलीच्या कामावर जगणाऱ्या, उत्पन्नाची शाश्वती नसलेल्या माणसाची भाडे देण्याची शक्ती मर्यादित होती. भाडे वाढले की तो खोली सोडत नसे. खोलीत आणखी माणसे घेत असे. पोटभाडेकरू, गाववाले आणि पाळीपाळीने झोपणारे एकटे कामगार यांच्यात भाडे वाटले जाई. मालकाच्या दृष्टीने भाड्याची वसुली सुरक्षित होई, परंतु नळ, मोरी, जिना व शौचकूप यांच्यावरील ताण दुपटीतिपटीने वाढे. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत शहरातील कामगारवर्गापैकी ९७ टक्के लोक एका खोलीत राहतात असे नमूद आहे. हा आकडा सामान्यतः दारिद्र्याचा पुरावा म्हणून उद्धृत केला जातो. तो गुंतवणुकीच्या हिशेबाचाही पुरावा आहे. परवडणारे भाडे आणि इमारतीचा खरा खर्च यांतील अंतर माणसांच्या दाटीने भरून निघत होते.

या अंतराची किंमत १८९६ मध्ये दिसली. त्या वर्षी मांडवी भागात प्लेग प्रकटला आणि पाहतापाहता शहरभर पसरला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांकडे प्रथमच शासनाचे लक्ष गेले. अनेक घरांवर मनुष्यवस्तीस अयोग्य असे शिक्के मारण्यात आले. मालकांच्या दृष्टीनेही हा आघात लहान नव्हता. माणसे गावी पळाली आणि १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ७,७६,००६ भरली, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ४६,००० ने कमी. ‘घरात कोणी ना कोणी राहतोच’ हा १८६५ नंतरचा तर्क अबाधित नव्हता, हे यावरून दिसून येते.

१८९८ च्या कायद्याने मुंबई शहर सुधारणा मंडळ (इंप्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाले. दाट वस्त्या संपादून पाडणे, रस्ते काढणे व नवी घरे बांधणे ही त्याची कामे. नागपाडा, मांडवी-कोळीवाडा, चंदनवाडी इत्यादी भागांत मंडळाच्या योजना झाल्या. येथे हिशेबाची एक विपरीत गुंतागुंत उद्भवली. भाड्याच्या घराची किंमत सामान्यतः त्याच्या भाडेउत्पन्नाच्या पटीत काढली जाई. अर्थात ज्या चाळीत अधिक दाटी, तिचे भाडे अधिक, आणि म्हणून ती पाडण्यासाठी मालकास द्यावयाची भरपाईही अधिक. मंडळाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१० नंतरच्या दशकात आपल्या व्याख्यानांतून दाटी, प्रकाश व हवा या प्रश्नांचा पाठपुरावा केला, त्याच्या मुळाशी हाच पेच होता. अनारोग्यकारक घर हे सार्वजनिक हानीचे कारण असूनही मूल्यांकनाच्या तक्त्यात ते किफायतशीर मालमत्ता म्हणून गणले जात होते. न केलेली दुरुस्ती मालकाच्या वहीत खर्च म्हणून येत नव्हती आणि सरकारी मूल्यांकनातही ती पुरेशी वजा होत नव्हती.

४. सरकार चाळीचा मालक होते तेव्हा

पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई तीव्र झाली. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत विकास खाते (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) स्थापन झाले व त्याने कामगारांसाठी ६२५ चाळींतून ५०,००० खोल्या बांधण्याची योजना आखली. या योजनेचे महत्त्व असे की, येथे प्रथमच बांधकामाचा खरा खर्च, त्यावरील व्याज आणि भाडे यांचा मेळ उघडपणे घालण्याचा प्रयत्न झाला. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, बांधकाम सिमेंट काँक्रीटचे, असा नमुना ठरला.

मेळ बसला नाही. युद्धोत्तर महागाईत बांधलेल्या खोलीचा खर्च व्याजासह भरून निघेल एवढे भाडे कामगारास देता येत नव्हते. म्हणून भाडे खर्चाहून कमी ठेवले गेले आणि तूट भरून काढण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसविण्यात आला. तरीही पुष्कळ खोल्या दीर्घकाळ रिकाम्या राहिल्या. ज्या वरळीच्या चाळी कामगारांसाठी बांधल्या, त्यांतील काहींचा उपयोग १९३० च्या कायदेभंगाच्या काळात सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग म्हणून करण्यात आला, ही घटना बोलकी आहे. अखेरीस वरळी (१२१), नायगाव (४२), डिलाइल रोड (३२) व शिवडी (१२) मिळून २०७ चाळींवर योजना थांबली.

या प्रयोगाचे अपयश नेहमी सरकारी अव्यवहाराचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. बांधकाम महागाईच्या शिखरावर झाले आणि काही जागा कामापासून दूर होत्या. परंतु गुंतवणुकीच्या इतिहासात त्याचा अर्थ याहून व्यापक आहे. ज्या भाड्यात विकास खात्याचा खर्च निघत नव्हता, त्याच पातळीच्या भाड्यात जुन्या चाळींचे खासगी मालक नफा दाखवीत होते. त्यांपैकी काही भाग जुन्या, स्वस्त बांधकामाचा होता हे खरे. उरलेला भाग मात्र न केलेल्या दुरुस्तीचा व न मोजलेल्या झिजेचा होता. नवी चाळ बांधून ती नीट ठेवणे आणि कामगारास परवडेल अशा भाड्याने देणे या दोन गोष्टी एकत्र साधत नाहीत, हे १९२० नंतरच्या दशकातच, म्हणजे १९४७ च्या कायद्यापूर्वी वीस वर्षे, सिद्ध झाले होते.

याच काळात दुसरा एक मार्गही दिसू लागला होता. १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. रावबहादूर एस. एस. तालमकी हे या चळवळीचे एक प्रमुख प्रवर्तक. येथे राहणारा व मालक हे हितसंबंधांनी वेगळे नव्हते, त्यामुळे दुरुस्ती टाळून होणारा लाभ व तिच्या अभावी होणारा त्रास एकाच पारड्यात पडत होते. अर्थात हा मार्ग प्रारंभीचा हप्ता भरू शकणाऱ्या मध्यमवर्गास खुला होता, गिरणीकामगारास नव्हे.

५. गोठलेले भाडे

भाडेनियंत्रणाचा मुंबईतील इतिहास १९१८ पासून सुरू होतो. युद्धकाळातील भाडेवाढीस आळा घालण्यासाठी केलेल्या त्या वर्षीच्या कायद्यांत १ जानेवारी १९१६ चे भाडे प्रमाण मानले होते. ते निर्बंध पुढे संपुष्टात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास १९३९ व १९४४ मध्ये पुन्हा कायदे झाले. अखेरीस १९४७ चा मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाउस दर नियंत्रण कायदा आला व तो १९४८ च्या फेब्रुवारीत अंमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जागा ज्या भाड्याने दिलेली असेल ते तिचे प्रमाण भाडे ठरले. भाडेकरू ते भाडे देत असेल किंवा देण्यास तयार असेल तोपर्यंत, कायद्यात सांगितलेल्या विशिष्ट कारणांवाचून, त्यास काढता येत नव्हते.

या कायद्यामागील प्रयोजन क्षुद्र नव्हते. युद्ध, फाळणी व निर्वासितांचा लोंढा यांमुळे शहरात निवारा दुर्मिळ झाला होता आणि भाडेकरूस बाजाराच्या हवाली सोडणे कोणत्याही लोकनियुक्त सरकारास शक्य नव्हते. पुढेही या संरक्षणाचे मोल मोठे ठरले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपात हजारो कुटुंबांचे वेतन थांबले. त्या काळात डोक्यावरचे छप्पर टिकून राहण्यात गोठलेल्या भाड्याचा वाटा नाकारता येणार नाही.

तथापि मालकाच्या हिशेबावर त्याचा परिणाम काय झाला हे पूर्वीच्याच उदाहरणावरून पाहता येते. १९४० पर्यंत खोलीचे भाडे ६ रुपये झाले होते असे धरल्यास चाळीचे वार्षिक भाडे २,८८० रुपये होते आणि दुरुस्तीचा दहावा हिस्सा २८८. कर वाढल्यास तो भाडेकरूकडून वसूल करण्याची काही तरतूद कायद्यात होती. परंतु गवंड्याची मजुरी, सागवान व सिमेंट यांच्या वाढत्या दरांना अनुरूप अशी सर्वसाधारण वाढ नव्हती. तीच दुरुस्ती पाचपट महाग झाली की १,४४० रुपये, म्हणजे भाड्याचा निम्मा भाग लागतो. दहापट महाग झाली की संपूर्ण भाडे त्यातच संपते. इमारत सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य त्याच कायद्याने मालकावर घातले होते, परंतु त्या कर्तव्याचे साधन त्याच्या हाती ठेवले नव्हते. पूर्वी जो मालक दुरुस्ती लोभाने टाळीत होता तोच आता ती नाइलाजाने टाळू लागला. इमारतीच्या दृष्टीने दोहोंत भेद नव्हता.

अशा स्थितीत उत्पन्नाने दुसरे रूप घेतले. भाडेकरू बदलताना मिळणारी पागडी हे ते रूप होय. १९४७ च्या कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरविले होते, तरी ती चालूच राहिली, कारण कागदावरील भाडे आणि जागेचे खरे मोल यांतील तफावत कोठेतरी प्रकट होणारच होती. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रक्कम घेई व तिच्यातील ठराविक हिस्सा मालकास मिळे. मालकाची प्राप्ती मासिक न राहता प्रासंगिक झाली. आणि मालमत्तेतील भांडवली मूल्याचा मोठा भाग, कोणत्याही दस्तऐवजावाचून, भाडेकरूकडे गेला. दीर्घकाळ राहिलेला भाडेकरू हा एका अर्थी गुंतवणूकदार बनला. परंतु इमारतीच्या देखभालीचे दायित्व त्याच्याकडे आले नाही. दोन धनी आणि दुरुस्तीला कोणीच नाही, अशी चाळीची अवस्था झाली.

६. खर्च सार्वजनिक तिजोरीवर

पावसाळ्यात जुनी घरे कोसळण्याचे प्रकार वाढल्यावर १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ कायदा करण्यात आला. त्यान्वये इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीचे काम सार्वजनिक मंडळाकडे सोपविले गेले. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यांचे तीन वर्ग पाडले गेले व पहिल्या वर्गाची सीमारेषा १ सप्टेंबर १९४० हीच होती. १९७६ च्या कायद्याने हे काम पुढे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे आले. मालकाच्या वहीत जी बाब कधी पूर्णपणे लिहिली गेली नाही, ती येथे प्रथमच शासनाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षकाखाली लिहिली गेली. या कायद्याचे खरे ऐतिहासिक महत्त्व हेच होय.

१९८६ मध्ये त्यात आणखी एक प्रकरण जोडले गेले. भाडेकरूंपैकी ७० टक्क्यांनी सहकारी संस्थेद्वारा मागणी केल्यास मंडळाने इमारत संपादावी व मालकास मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यावी, अशी तरतूद झाली. शंभर महिन्यांचे भाडे म्हणजे सव्वाआठ वर्षांहून किंचित अधिक काळाचे भाडे. वरील उदाहरणातील चाळीला ती लावली असता मासिक २४० रुपयांच्या शंभर पट, म्हणजे २४,००० रुपये होतात. शतकाच्या प्रारंभी चाळीत जेवढे रुपये घातले होते तेवढेच, मधल्या काळातील चलनवाढीची कोणतीही दखल न घेता, परत. मालकांच्या संघटनेने या तरतुदीस दिलेल्या आव्हानातून उद्भवलेला घटनात्मक प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असा निर्णय त्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने दिला.

प्रमाण भाड्याच्या तरतुदीविषयीही न्यायालयाने मत दिले होते. मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, एके काळी वाजवी असलेले हे निर्बंध कालौघात अवाजवी झाले आहेत. मात्र कायद्याची मुदत लवकरच संपणार असल्याने तो रद्दबातल ठरविला गेला नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला व तो ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने भाड्यात दरसाल ४ टक्के वाढीस मुभा दिली आणि पागडीस कायदेशीर मान्यता दिली. ही वाढ चक्रवाढीने धरली तरी पंचवीस वर्षांत भाडे पावणेतीन पटीच्या आतच राहते. सहा रुपयांच्या भाड्याचे त्यातून सोळा रुपये होतात. सुधारणेचा आरंभबिंदूच जर १९४० चा असेल तर तिची गती कितीही असली तरी अंतर भरून निघत नाही.

७. उपसंहार

मुंबईतील भाड्याची चाळ ही फायद्याची गुंतवणूक होती काय, या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही. ज्याने स्वस्त काळात, स्वतःच्या पैशाने, गिरणीच्या जवळ चाळ बांधली, इमारतीच्या तरुणपणी भाडे घेतले आणि दुरुस्तीचा काळ येण्यापूर्वी ती विकली, त्यास ती निःसंशय फायद्याची ठरली. ज्याने तीच चाळ वार्षिक भाड्याच्या पटीत किंमत देऊन जुन्या अवस्थेत घेतली, विशेषतः गहाणावर घेतली, त्याने पूर्वीच्या मालकाने न केलेल्या खर्चाचेच मोल भरले. आणि ज्याने ती नेटकी ठेवून परवडणाऱ्या भाड्याने देण्याचा प्रयत्न केला, त्यास सरकारी रोख्यांहून फारसे अधिक मिळण्याचा संभव नव्हता. हा निष्कर्ष भाडेनियंत्रणाच्या पूर्वीच्या काळालाही लागू पडतो. १९४७ च्या कायद्याने भाडे आणि खर्च यांतील दरी निर्माण केली नाही. आधीच असलेली दरी त्याने कायम केली व कालांतराने ती इतकी रुंद केली की कोणालाही ती ओलांडता येऊ नये.

यातून अभ्यासाच्या पद्धतीविषयीही एक सूचना मिळते. चाळीच्या इतिहासाची साधने म्हणून भाड्याच्या वह्या, कज्ज्यांचे निवाडे व शिरगणतीचे अहवाल वापरले जातात. त्यांच्याबरोबर कौलारू, सुतार व गवंडी यांची बिले, म्युनिसिपालिटीच्या नोटिसा आणि गहाणखते यांचाही मागोवा घेतला पाहिजे. भाड्याची वही मालकाला काय मिळाले ते सांगते. ते कोणाच्या खर्चाने मिळाले, हे दुरुस्तीची वही सांगते.

हा प्रश्न केवळ गतकालाचा नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. शतकाहून अधिक वयाच्या इमारती शहरात आजही उभ्या आहेत, टेकू लावलेल्या आहेत, आणि त्यांत माणसे राहत आहेत. गुंतवणुकीच्या हिशेबात एखादी बाब न लिहिल्याने ती नाहीशी होत नाही. ती पुढच्या वर्षाच्या, पुढच्या मालकाच्या किंवा पुढच्या पिढीच्या नावे चढत जाते. मुंबईच्या चाळींत ही बाकी सव्वाशे वर्षे चढत आली आहे, आणि ती अखेर कोणी फेडावयाची याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.